भाड्याचाही रेडी रेकनर काढा

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य, आणि गृहनिर्माण विभागातील अधिकारी,
मंत्रालय, मुंबई.

प्रत माहितीसाठी : नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, पुणे, सहकार आयुक्त, पुणे.

विषय : मुंबईत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांबाबत; रेडी रेकनर, म्हणजे घरांच्या सरकारी दरतक्त्यात, भाड्याचेही आकडे देण्याबाबत.

महोदय,

म्हाडाच्या सोडतीत मला घर लागावं यासाठी हे पत्र नाही. सोडतीचा अर्ज मी भरते, अनामत रक्कम खात्यात परत येते, पुन्हा जाहिरात आली की पुन्हा भरते. ते आता अंगवळणी पडलंय. मला आत्ता घर हवंय ते भाड्याने. एकाला परळला आणि एकाला पवईला कामावर जाता येईल, मुलीची शाळा बदलावी लागणार नाही आणि सासूबाईंना चार जिने चढावे लागणार नाहीत अशा ठिकाणी. भाडं दोघांच्या मिळून पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसावं एवढी अपेक्षा आहे. मुंबईत ही अपेक्षा ऐकून दलाल हसतात, हेही मला माहीत आहे.

२० मे २०२५ रोजी मंत्रिमंडळाने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. 'माझे घर, माझे अधिकार' असं त्याचं ब्रीद, आणि २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट. नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार, ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी भाड्याच्या घरांचाही त्यात उल्लेख आहे. वाचून बरं वाटलं. पण आज जी लाखभर कुटुंबं अकरा महिन्यांच्या करारावर या शहरात राहतात, आमच्यासारखी, ना धड विद्यार्थी ना ज्येष्ठ, त्यांच्या रोजच्या व्यवहाराबद्दल तुमच्या विभागाचं म्हणणं काय आहे, ते मला सापडत नाही. तसं काही म्हणणं असावं, ही या पत्रामागची मागणी आहे.

आमची अडचण आधी सांगते, कारण ती आता निम्म्या उपनगरांची अडचण आहे. आम्ही राहतो ती इमारत पुनर्विकासाला निघाली. भांडुप-मुलुंडच्या आमच्या पट्ट्यात, तसंच चेंबूरला, गोरेगावला, बोरिवलीला, पार्ल्याला, गल्लीत शिरलं की दोन-चार इमारती पत्र्याच्या कुंपणाआड गेलेल्या दिसतात. सभासदांचं ठरलेलं असतं : विकासकाकडून दरमहा भाडं, वाढीव जागा, कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी, सामान हलवण्याचा खर्च, दलाली. त्यांचा हेवा नाही. गळक्या छताखाली वीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसं आहेत ती. पण त्याच इमारतीत भाड्याने राहणाऱ्यांना मालकाकडून व्हॉट्सॲपवर दोन ओळी येतात आणि तिथे विषय संपतो. पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९चे शासन निर्देश आहेत. सभेची सूचना कधी द्यायची, सभेचं चित्रीकरण कसं करायचं, विकासक कसा निवडायचा, सगळं त्यात तपशिलाने लिहिलंय. घरात जो प्रत्यक्ष राहतोय त्या बिऱ्हाडकरूला किती दिवस आधी कळवायचं, याबद्दल त्यात काही नाही.

आणि पुढची गंमत अशी. इमारत रिकामी करताना मालक आणि भाडेकरू दोघेही एकाच वेळी, एकाच परिसरात भाड्याचं घर शोधायला बाहेर पडतात. शाळा सगळ्यांच्याच जवळपासच्या, डॉक्टर तेच, भाजीवाला तोच. एक टू-बीएचके बघायला आम्ही जिना चढत होतो तेव्हा आमच्याच इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका-काकू तेच घर बघून उतरत होते. "तुम्हीपण का?" काकू म्हणाल्या, आणि आम्ही सगळेच ओशाळून हसलो. घर अर्थातच त्यांना मिळालं. त्यांच्या हातात विकासकाचे वर्षभराचे चेक, दलालीही तोच देणार. मग घासाघीस कोण करतंय? एका गल्लीतल्या तीन सोसायट्या एकदम निघाल्या की शे-दीडशे कुटुंबं दुसऱ्याच्या पैशाने भाडं भरायला बाजारात उतरतात आणि त्या भागातलं भाडं दोन महिन्यांत चढतं. पुढे ते उतरत नाही. मग पगारावर जगणारा भाडेकरू ऐरोलीला, तिथून कळव्याला, तिथून डोंबिवलीला, बदलापूरला सरकतो. पश्चिमेला हीच रांग नालासोपारा-विरारला पोचते. वाचलेलं भाडं लोकलच्या वेळेत, रिक्षात आणि मुलांना पाळणाघरात ठेवण्यात जातं. हिशोब मांडून बघितला तर कधीकधी वाचतही काही नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनात विकासकाने संक्रमण काळाचं दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करावं असा नियम शासनाने आणला. चांगलं केलं. म्हणजे भाडं हा सरकारने लक्ष घालण्याचा विषय आहे हे तुम्हालाही मान्य आहे. फक्त ज्याच्या नावावर काहीतरी आहे किंवा उद्या होणार आहे, त्याच्याच भाड्यात लक्ष घातलं जातं.

तुमच्या विभागाने आमची एकदा आठवण काढली होती, ते मी विसरलेले नाही. एप्रिल २०२०, टाळेबंदी. घरमालकांनी किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी, भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नये, अशा सूचना गृहनिर्माण विभागाने दिल्या होत्या. बंधनकारक किती होत्या आणि किती मालकांनी पाळल्या हा भाग सोडा. त्याच वर्षी सप्टेंबरपासून घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क पाचाचं दोन टक्के झालं, आणि ते खरोखर अंमलात आलं; लोकांनी नोंदणी कार्यालयासमोर रांगा लावल्या. खरेदीदाराला सवलत, भाडेकरूला सूचना.

आता या बाजारात शिरताना काय काय भरावं लागतं ते सांगते, कारण मंत्रालयात सरकारी निवासस्थानात राहून हे कळत नसावं. आमच्या भागात बऱ्यापैकी वन-बीएचकेला आता पस्तीस-चाळीस हजार सांगतात. त्यावर चार-सहा महिन्यांचं डिपॉझिट, एका महिन्याची दलाली, टेम्पोवाला, आणि घर 'पकडून ठेवायला' टोकन. म्हणजे राहायला जाण्याआधी दोन-अडीच लाख रुपये हातात हवेत. ते जुन्या घराच्या डिपॉझिटमधून येतील असं आपण समजतो. पण जुना मालक ते किल्ली दिल्यावर देणार, तेही रंगकाम, गिझर, सरकत्या दरवाजाचं चाक असलं काहीबाही कापून. नवा मालक किल्ली देण्याआधी मागणार. मधले पंधरा दिवस सोनं गहाण. मुंबईतल्या कितीतरी बायकांच्या बांगड्या या पंधरा दिवसांत सराफाकडे जाऊन आलेल्या आहेत.

ज्यांना दरमहा भाडं झेपत नाही ते 'हेवी डिपॉझिट'कडे वळतात. चार-पाच लाख एकरकमी द्यायचे, भाडं नाममात्र किंवा शून्य, मुदत संपली की रक्कम परत. मालकाला बिनव्याजी पैसा मिळतो, भाडेकरूला भाड्याविना घर मिळतं, ऐकायला दोघांच्या सोयीचं. पण ज्या घरावर बँकेचे हप्ते थकलेत, किंवा जे घर एकाच वेळी तिघांना दिलंय, ते अशाच व्यवहारात निघतं. गावची जमीन विकून आणलेले पैसे असे गेल्याची उदाहरणं माझ्या नात्यात आहेत. पोलिस म्हणतात दिवाणी बाब आहे, वकील म्हणतात वेळ लागेल.

दलालांबद्दल मला राग नाही. उन्हातान्हात किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारा पोरगाही पोटासाठीच फिरतो. पण घर विकून देणाऱ्या दलालाला महारेराकडे, म्हणजे घरबांधणी व्यवसायावर रेरा कायद्याने नेमलेल्या नियामकाकडे, नोंदणी करावी लागते, आता परीक्षाही द्यावी लागते. तोच माणूस भाड्याचं घर दाखवतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही. रेरा कायद्यात घर घेणाऱ्याची जी व्याख्या आहे तिच्यातून भाड्याने घर घेणारा स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. त्यामुळे करार नूतनीकरणाच्या वेळी, काहीही न करता, पुन्हा अर्ध्या महिन्याची दलाली मागणाऱ्याविरुद्ध तक्रार कुठे करायची, या प्रश्नाला महाराष्ट्रात पत्ताच नाही.

मग सोसायटी. इथे मी सहकार आयुक्तांना उद्देशून बोलते. नमुना उपविधींप्रमाणे घर लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना-करारावर, द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने आगाऊ कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, झालं. घर भाड्याने दिल्याबद्दल सभासदाकडून घेतलं जाणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे १ ऑगस्ट २००१च्या आदेशाने ठरलंय. प्रत्यक्षात एनओसी नावाचा कागद आहे, त्यासाठी 'मुलाखत' आहे, कुठे 'शिफ्टिंग चार्ज' आहे, आणि लिफ्टमधून फ्रिज न्यायचा नाही असा भाडेकरूपुरता नियम आहे. एका सोसायटीत सेक्रेटरींनी आमची अर्धा तास विचारपूस केली. गाव कोणतं, आडनाव असं का, घरात मांस-मच्छी होते का, पाहुणे किती येतात, सासूबाईंना काही 'मोठं' आजारपण नाही ना. आम्ही नवरा-बायको, लग्नाचा दाखला असलेलं कुटुंब, म्हणून प्रकरण विचारपुशीवर भागलं. माझ्या कार्यालयातल्या एकट्या राहणाऱ्या मुलीला आई-वडिलांचं संमतिपत्र मागितलं. ती एकतीस वर्षांची आहे. मुसलमान सहकाऱ्याला तर आडनाव सांगितल्यावर घर 'कालच गेलं' असतं. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली तेव्हा केवढा गदारोळ झाला. व्हायलाच हवा होता. पण तोच नकार बाकीच्यांना रोज मिळतो, आणि तो देणाऱ्यांत आपली मराठी सोसायटीही मागे नाही. नियम काय आहेत याचं एक पान मराठीत छापून प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायला लावा. निम्मे सेक्रेटरी ते वाचून स्वतःच चकित होतील.

घरमालकांची बाजू मला कळत नाही असं समजू नका. माझे एक मामा घरमालक आहेत आणि त्यांनी सायनची खोली कित्येक वर्षं कुलूप लावून ठेवलीय. भाड्याने का देत नाही विचारलं की म्हणतात, "गेली म्हणजे?" ही भीती हवेतून आलेली नाही. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधलं आणि ते दशकानुदशकं तिथेच राहिलं. चाळीच्या मालकाला महिन्याला मिळणाऱ्या भाड्यात चाळीचा एक जिनाही दुरुस्त होईना. त्यातून पागडी, म्हणजे भाडेकरू बसवताना मोठी रक्कम रोख घेण्याची पद्धत, आली, त्यातून पडझड आली, आणि दरवर्षी पावसाळ्यात कोसळणाऱ्या इमारती आल्या. मग मालकांनी पळवाट काढली लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकरू नव्हे, फक्त वापराचा परवाना. तर १९७३मध्ये कायदा बदलून, १ फेब्रुवारी १९७३ला जे परवानाधारक राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण दिलं गेलं. रातोरात. त्या काळच्या भाडेकरूंना दिलासा मिळाला, पण मालकांच्या दोन पिढ्यांच्या मनात 'गेली म्हणजे?' कायमचं बसलं. अखेर सर्वोच्च न्यायालयाने १९९७च्या डिसेंबरात गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अन्यायकारक ठरवल्या आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला.

या १९९९च्या कायद्यात मालकाची भीती काढण्याची नीट सोय केलेली आहे. करार संपल्यावर परवानाधारक हलला नाही तर कलम २४खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तिथली पद्धत साध्या कोर्टापेक्षा सुटसुटीत आहे, आणि न हलणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. योग्यच आहे. आता उलट बाजू बघा. मी वेळेवर घर सोडलं, किल्ली दिली, आणि मालकाने माझं दीड लाखाचं डिपॉझिट दाबून ठेवलं, तर माझ्यासाठी त्याच प्राधिकाऱ्याचं दार बंद आहे. मी वकील करायचा आणि दिवाणी न्यायालयात जायचं. दीड लाखासाठी कोण जातं? मालकालाही हे माहीत असतं, म्हणून तर गिझरचे आठ हजार कापले जातात. मालकाने घर अडकलं तर जिथे जायचं, भाडेकरूने पैसे अडकले तर तिथेच जावं, आणि पैसे दाबणाऱ्यालाही दुपटीचा दंड असावा. यासाठी नवं कार्यालय, नवी खुर्ची, नवी गाडी काही लागत नाही. त्याच कायद्यात एका पोटकलमाची भर घाला.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घ्यायचं नाही, तंट्यासाठी भाडे प्राधिकारी आणि भाडे न्यायालय, असा त्याचा गाभा. उत्तर प्रदेशाने त्याच धर्तीवर आपला कायदा केलासुद्धा. आपल्याकडे पागडीवाल्या भाडेकरूंना भीती वाटली की या निमित्ताने आपल्याला उठवतील. त्यांची भीती खरी आहे आणि त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तो वेगळाच ठेवा. आदर्श कायदा पुढच्या करारांपुरता आहे. त्यातली डिपॉझिटची मर्यादा तेवढी उचलून आणा. दोन महिन्यांवर मालक तयार नसतील तर तीन करा. पण कुठेतरी रेघ ओढा.

कुलूप लागलेल्या घरांचा आकडा तुमच्याकडे आहेच. २०११च्या जनगणनेत मुंबईत जवळजवळ ४.८ लाख घरं रिकामी होती, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. केंद्राच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीत तो छापलाय, आणि शहरी भारतात भाड्याने राहणाऱ्यांचं प्रमाण १९६१मधल्या ५४ टक्क्यांवरून २०११मध्ये २८ टक्क्यांवर आलं, हेही त्याच पाहणीत आहे. माझ्या मामांची खोली त्या ४.८ लाखांत असणार. ती बाजारात यावी असं वाटत असेल तर मामांना जसा कलम २४चा भरवसा द्यायला हवा, तसा बिनभाड्याने ठेवण्यात तोटा आहे हेही जाणवायला हवं. एक कोटीच्या घराला वर्षाला दोन-तीन लाख भाडं येतं, किंमत मात्र आपोआप वाढत राहते. मग कटकट कोण घेणार? रिकाम्या घराला मालमत्ता कर जास्त, भाड्याने दिलेल्याला कमी, असं काही महापालिकेशी बोलून करता आलं तर मामांच्या डोक्यात प्रकाश पडेल. निदान मामी तरी त्यांना ऐकवतील.

खरं तर या शहरात सरकार स्वतःच एकेकाळी मोठा घरमालक होतं. १८९६च्या प्लेगनंतर इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट आलं, त्याच्या बीआयटी चाळी झाल्या. १९२०नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला २०७ बीडीडी चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. राजवाडे नव्हते ते. पण गिरणीत लागलेल्या माणसाला खोली भाड्यानेच लागणार, विकत नाही, एवढं त्या परक्या सरकारला समजलं होतं. जे त्यातही मावत नव्हते त्यांची सोय लोकांनी स्वतः केली. कोकणातल्या गावागावांची मंडळं गिरगाव-परळात खोल्या घेऊन ठेवायची, गावचा पोरगा ट्रंक घेऊन आला की त्याला अंथरुणापुरती जागा आणि खानावळीत दोन वेळचं जेवण ठरलेलं. गोव्याच्या दर्यावर्दींची धोबीतलाव, माझगावची कूड म्हणजे तेच : प्रत्येक गावाचा क्लब, भिंतीला लागून पेट्या, देव्हाऱ्यात सायबिण म्हणजे मेरीमाता, आणि बोटीवरून उतरलेल्याला परवडेल असं भाडं. आता त्याच परळच्या टॉवरांच्या पायथ्याशी 'कॉट बेसिस, फक्त व्हेज' अशा चिठ्ठ्या विजेच्या खांबांवर चिकटलेल्या असतात. गरज तीच राहिली, ती भागवणारं कुणी राहिलं नाही.

मधे एकदा प्रयत्न झाला होता. २००८च्या सुमारास एमएमआरडीए या मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने भाडेतत्त्वावरच्या घरांची योजना आणली : विकासकाला चार एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकामाची मुभा, बदल्यात १६० चौरस फुटांची घरं प्राधिकरणाला, आणि ती भाड्याने द्यायची. १६०! बीडीडीनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी मोजपट्टी जिथल्या तिथे. बोलबाला पाच लाख घरांचा होता. ती योजना पुढे गुंडाळली गेली. पनवेलजवळ कोन इथली त्यातली घरं दोन-दोन जोडून गिरणी कामगारांना सोडतीत मालकीने दिली. मधल्या काळात करोनाचं विलगीकरण केंद्रही तिथे चाललं. गिरणी कामगारांना घर मिळालं याचा आनंद आहे, त्यांचा हक्कच होता. पण भाड्यासाठी म्हणून बांधलेलं घर शेवटी विकलंच जातं, कारण विकलेल्या घराची चावी देताना फोटो निघतो आणि भाड्याच्या घराची गळती दुरुस्त करताना निघत नाही. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये बीडीडीच्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ज्यांना मिळाल्या त्यांच्या तीन पिढ्यांनी त्याची वाट पाहिली. माझा प्रश्न एवढाच आहे की चाळींच्या या जमिनींवर विक्रीसाठी जी जादा घरं उभी राहतील, त्यातली काही, शंभरात दहा, म्हाडाने स्वतःकडे ठेवून कायम भाड्याने का देऊ नयेत? जमीन सरकारची, भाडं सरकारचं, आणि घर विकायचं नाही ही अट कायद्यात लिहिलेली. व्हिएन्ना शहराची महापालिका आज दोन लाखांहून जास्त घरांची मालक आहे आणि ती भाड्याने देते. आम्ही दोन लाख मागत नाही.

हे सगळं लांबचं आहे, जाणते. पोटकलमाला अधिवेशन लागतं, दहा टक्क्यांना मंत्रिमंडळ लागतं. म्हणून जे उद्या करता येईल ते शेवटी ठेवलंय, आणि शीर्षकात तेच लिहिलंय.

१९९९च्या कायद्याच्या कलम ५५ने प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं. जबाबदारी मालकावर, न केल्यास त्याला शिक्षा. (खर्च भाडेकरूच्या गळ्यात पडतो तो भाग वेगळा. तीस हजार भाडं आणि दीड लाख डिपॉझिटच्या अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक नऊशे रुपयांच्या आत आणि नोंदणी फी हजार. एजंट मात्र त्यासाठी किती घेईल याला धरबंध नाही.) म्हणजे मुंबईत जितके करार नोंदले जातात त्या प्रत्येकाचा पत्ता, मासिक भाडं, डिपॉझिट आणि मुदत शासनाच्या संगणकात आहे. ऑनलाइन नोंदणी सुरू झाल्यापासून तर ती टाइप केलेली, आकड्यांत आहे. खासगी संकेतस्थळं जाहिरातीत मागितलेल्या भाड्यावरून भाड्याचे आलेख काढून विकतात. खरं ठरलेलं भाडं फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि त्या माहितीवर तुम्ही मुद्रांक शुल्क घेता, बाकी काही करत नाही.

विक्रीच्या घरांसाठी वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात, नोंदणी विभाग काढतोच. विभाग, उपविभाग, चौरस मीटरचा दर. त्याच विभागांप्रमाणे गेल्या वर्षी नोंदलेल्या राहत्या घरांच्या करारांचं मधलं भाडं आणि मधलं डिपॉझिट, एवढे दोन रकाने वाढवा. नाव नको, फ्लॅट नंबर नको, कुणाचा खासगी व्यवहार उघडा पडायला नको.

आक्षेप येतील. करारात भाडं कमी दाखवून उरलेलं रोख घेतात, म्हणून तक्ता खरा नसेल, असं सांगितलं जाईल. रेडी रेकनरबद्दल तरी दुसरं काय म्हणतात? तरी त्यावर राज्याचा महसूल चालतो. शिवाय वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घ्यायला मालकाचा पॅन द्यावा लागतो, त्यामुळे नोकरदारांच्या करारांतले आकडे इतके काही खोटे नसतात. दुसरा आक्षेप, तक्ता बघून कमी भाडं घेणारे मालकही वाढवतील. काही वाढवतील. पण आज ते दलालाचं ऐकून वाढवतातच. मला त्याच गल्लीतल्या एकाच आकाराच्या तीन घरांना सत्तावीस, चौतीस आणि एक्केचाळीस हजार सांगितले गेले, प्रत्येक वेळी 'हाच रेट चाललाय ताई' या वाक्यासकट. खरा रेट काय चाललाय हे मला, मालकाला आणि दलालाला तिघांनाही दिसलं, तर बोलणी निदान कुठल्यातरी आकड्यापासून सुरू होतील. जर्मनीतल्या बहुतेक मोठ्या शहरांत असे अधिकृत तक्ते असतात. तिकडे नोकरीला गेलेला आपला कुठलाही मुलगा सांगेल की त्याने घर घेण्याआधी तो उघडून पाहिला होता.

याला कायदा नको, भूखंड नको, एफएसआय नको. नोंदणी महानिरीक्षकांच्या पुण्यातल्या कार्यालयातून एक आदेश आणि माहिती काढणारा एक माणूस पुरेल. पहिल्या वर्षी फक्त मुंबई शहर आणि उपनगर केलं तरी चालेल. ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नवी मुंबई पुढच्या वर्षी. मराठीत काढा, आणि पीडीएफच्या चित्रात न अडकवता शोधता येईल अशा रूपात टाका. प्रत्येक विभागासमोर करारांची संख्याही द्या, म्हणजे आकडा किती भरवशाचा ते वाचणाऱ्याला ठरवता येईल. एक खोली, एक बेडरूम, दोन बेडरूम असे तीन प्रकार पुरेत. नवे दर लागू व्हायची तारीख १ एप्रिलच असते. तोपर्यंत हे दोन रकाने बसवायला वेळ आहे.

आपली,
एक परवानाधारक
भांडुप, मुंबई (सध्या)